‘नेट नाही’ म्हणण्याआधी एवढे बघा

सध्या खेड्यापाड्यांत दोन शब्द फार ऐकू येतात. एक ‘सर्वर डाऊन’ आणि दुसरा ‘नेट नाही’. म्हातारा माणूस सात-बाराची नक्कल घेऊन ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसतो. आत केंद्रचालक पोरगा संगणकाकडे बघत बसलेला असतो. “भाऊ, आजबी नाही का?” “नाही मामा, सर्वर डाऊन हाय. उद्या या.” मामा उठतात, धोतर झटकतात आणि जातात. उद्याही तेच. शेवटी अंबाजोगाईची गाडी धरून शहरातल्या दुकानात अर्ज भरतात. एक दिवसाचा रोज बुडतो, गाडीभाडे जाते आणि वर दुकानदाराची फी.

माझे म्हणणे एवढेच आहे की, या ‘सर्वर डाऊन’मधला पुष्कळ भाग सर्वरचा नसतोच. तो आपल्याच खोलीतल्या वायरीचा, डबीचा किंवा संगणकातल्या एखाद्या चुकीच्या आकड्याचा असतो. तो बघायला इंजिनीअर लागत नाही. विहिरीवरची मोटार बंद पडली तर आपण जे करतो, तेवढेच इथे करायचे आहे.

मोटार बंद पडली म्हणून कुणी तडक नवी मोटार आणत नाही. आधी लाइट आहे का बघतो. मग तिन्ही फेज आहेत का, फ्यूज गेला का, स्टार्टर धरतो का हे बघतो. मोटार फिरते पण पाणी येत नाही, तर फुटव्हॉल्व बघतो. क्रम ठरलेला असतो. हा क्रम आपल्याला कुठल्या शाळेत शिकवला नाही, पण प्रत्येक शेतकऱ्याला तो पाठ आहे. संगणकाच्या नेटचाही असाच क्रम आहे. तो मात्र गावात कुणालाच ठाऊक नाही. सगळा घोटाळा तिथे आहे.

वेळ गेली की लाभ गेला

कुणी म्हणेल, शेतीच्या पानावर हे संगणकाचे काय काढले? शेतकीची पदविका घेतलेल्या माणसाने बियाणे, खत, फवारणी सांगावी. मान्य. पण आज शेतकऱ्याचा निम्मा खरीप संगणकातून जातो, हे आपण रोज बघतो आहोत.

पीक पेरा सात-बारावर चढवायला ई-पीक पाहणी आली. ती १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. शेतकरी ओळख क्रमांक आला आणि एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी तो बंधनकारक झाला. अतिवृष्टीची मदत म्हटली की ई-केवायसी आली. महाडीबीटीवर ठिबक, तुषार, ट्रॅक्टर, पेरणीयंत्र यांचे अर्ज. पूर्वी तिथे सोडत निघत होती. २०२५ पासून प्रथम येईल त्याला प्रथम प्राधान्य असे धोरण आले. म्हणजे ज्याचा अर्ज आधी, त्याचा नंबर आधी. अशा वेळी एका गावाचे नेट आठ दिवस बंद असले, तर त्या गावचे शेतकरी आठ दिवस मागे पडले. दुष्काळ सगळ्यांना सारखा, पण लाभाच्या यादीत नेट असलेले गाव पुढे आणि नसलेले मागे.

मागे काही वर्षे पीक विम्यात नुकसानीची पूर्वसूचना ७२ तासांत द्यायची अट होती. त्या तीन दिवसांत नेट गेले म्हणजे काय होते, हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. म्हणून विस्ताराचे काम करणाऱ्या माणसाने फवारणी पंपाचे नोझल साफ कसे करायचे हे जसे सांगावे, तसेच हेही सांगितले पाहिजे, असे माझे मत आहे.

जुने संगणक आणि लिनक्स

आता मूळ विषयाकडे येतो. आपल्या ग्रामपंचायती, शाळा, विकास सोसायट्या, शेतकरी कंपन्या यांच्याकडचे बरेच संगणक जुने आहेत. त्यावर विंडोज १० होते किंवा अजून आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या बंद केल्या. पुढचे विंडोज ११ साधारण २०१७ च्या आधीच्या संगणकांवर कंपनी अधिकृतपणे चालू देत नाही. म्हणजे यंत्र धडधाकट, पण कंपनीच्या लेखी ते म्हातारे. मग ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत ठराव येतो: जुना संगणक निर्लेखित करणे व नवीन खरेदी करणे.

निर्लेखनाच्या आधी एक पर्याय बघावा, तो म्हणजे लिनक्स. संगणक चालवणारी ही प्रणाली फुकट आहे आणि तिचा आतला सगळा मजकूर जगाला खुला आहे. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली तिच्या गाभ्याची सुरुवात केली. त्याच्याही आधी, १९८३ मध्ये, रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत खुल्या प्रणालीचे काम हाती घेतले होते. पुढे हजारो लोकांनी त्यात भर घातली. हे परके वाटत असेल तर खिशातला मोबाईल काढून बघा. अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे. म्हणजे आपण लिनक्स दररोज वापरतो, फक्त नाव माहीत नाही.

आपल्या देशातही हे काम झाले आहे. पुण्याला १९८८ साली स्थापन झालेली सी-डॅक ही सरकारी संस्था सगळ्यांना माहीत आहे. संगणकावर मराठी टाइप करायची सोय आपल्या कचेऱ्यांत आणण्यात तिचा मोठा वाटा आहे. याच सी-डॅकने ‘भारत ऑपरेटिंग सिस्टम सोल्युशन्स’, थोडक्यात ‘बॉस’, नावाची लिनक्स काढली. तिची पहिली आवृत्ती जानेवारी २००७ ची. मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय तिच्यात आहे. उबुंटू, मिंट, डेबियन अशाही आवृत्त्या आहेत. केरळ राज्याने आपल्या शाळांचे संगणक याच मार्गाने चालवले. २०१९ साली तिथे दोन लाखांवर शाळा-संगणकांसाठी अशी फुकट प्रणाली दिली गेली. तिथली पोरे त्यावरच शिकतात.

अंबाजोगाईच्या माणसाला ही खुलेपणाची गोष्ट नवी वाटू नये. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आपल्याच गावाजवळ आहे. पंडितांच्या संस्कृतात अडकलेले ज्ञान त्यांनी लोकांच्या मराठीत आणले, म्हणून आठशे वर्षांनंतरही आपण त्यांचे नाव घेतो. ज्ञानाला कुलूप नसावे, ही शिकवण या मातीतली आहे.

पण लिनक्सबद्दल गावात एक तक्रार हमखास ऐकू येते: “साहेब, त्याच्यावर नेटच येत नाही.” तेवढ्या एका कारणावरून चांगली यंत्रे पोत्याखाली झाकून ठेवली आहेत.

एका गावची गोष्ट

तालुक्यातल्या एका गावात असेच झाले. नाव मुद्दाम देत नाही. विंडोज बिघडल्यावर गावच्याच एका शिकलेल्या मुलाने जुन्या संगणकावर लिनक्स टाकून दिली. चार-पाच महिने दाखले, अर्ज सगळे सुरळीत चालले. वीज पडून नेटची डबी जळाली. कंपनीच्या माणसाने नवी डबी बसवली, आपल्या मोबाईलवर नेट चालते हे दाखवले आणि तो गेला. संगणकावर मात्र नेट येईना. ‘लिनक्स भंगार आहे’ असा निकाल लागला. आठ महिने तो संगणक कोपऱ्यात पडून राहिला. गावचे लोक घाटनांदूर, अंबाजोगाई असे फिरत राहिले.

दिवाळीला तोच मुलगा पुण्याहून गावी आला. दहा मिनिटांत नेट सुरू. दोष काय निघाला? जुन्या डबीचा पत्ता १९२.१६८.१.१ होता आणि त्याला जुळेल असा आकडा कुणीतरी संगणकात हाताने भरून ठेवला होता. नव्या डबीचा पत्ता १९२.१६८.१००.१. संगणक आपला जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसला होता. घर बदललेल्या माणसाला जुन्या घरी पत्रे पाठवावीत, तसा प्रकार. मुलाने ‘मॅन्युअल’च्या जागी ‘ऑटोमॅटिक’ केले आणि काम झाले.

यात दोष लिनक्सचा नव्हता. विंडोज असते तरी हेच झाले असते. दोष हा की, आठ महिन्यांत कुणी क्रमाने बघितले नाही.

बघण्याचा क्रम

हा क्रम कापून संगणकाच्या बाजूला भिंतीवर चिकटवावा, अशी विनंती आहे. मध्येच उडी मारू नये. एक पायरी बरोबर निघाली तरच पुढच्या पायरीवर जावे.

पहिली पायरी: डबीचे दिवे. ग्रामपंचायतीत भारतनेटची किंवा खासगी कंपनीची ऑप्टिकल फायबरची डबी असते. तिच्यावर ‘पॉन’ लिहिलेला दिवा स्थिर हिरवा हवा. ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल, तर बाहेरची काचेची तार तुटली आहे किंवा निघाली आहे. रस्त्याच्या कामात, पाइपलाइन खोदताना जेसीबीने तार तुटणे आपल्याकडे नेहमीचे. अशा वेळी संगणकात काहीही करून उपयोग नाही. तारीख-वेळ लिहून तक्रार नोंदवावी. दिवाच नसेल तर आधी प्लग आणि बॅटरी बघावी. ती पिवळी बारीक तार कधीही दुमडू नये, आत काच असते.

दुसरी पायरी: डबी ते संगणक. वायर दोन्ही टोकांना ‘टक्’ वाजेपर्यंत बसली आहे का? उंदराने कुरतडली का? वायर जिथे संगणकात जाते तिथेही बारीक दिवा असतो, तो लागला पाहिजे. मग लिनक्सवर ‘टर्मिनल’ नावाची काळी खिडकी उघडावी. तिच्यात इंग्रजीत ‘आयपी’, एक जागा सोडून ‘ए’ असे लिहून एंटर दाबावे. घाबरू नये, याने काही बिघडत नाही, नुसती माहिती दिसते. त्यात ‘नो-कॅरियर’ असे इंग्रजी शब्द दिसले तर वायर लागलेलीच नाही असे समजावे. वायर बदलून बघावी.

वाय-फाय वापरत असाल आणि त्याचे चिन्हच दिसत नसेल, तर दोन कारणे संभवतात. एक, ‘विमान मोड’ किंवा लॅपटॉपवरचे वाय-फायचे बटन बंद आहे. ‘आरएफकिल’, जागा, ‘लिस्ट’ असे लिहिले की कुठे अडले ते कळते. ‘सॉफ्ट’ अडथळा असेल तर सेटिंगमधून निघतो, ‘हार्ड’ असेल तर बहुधा यंत्रावरचेच बटन दाबावे लागते. दुसरे कारण, त्या वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर किंवा फर्मवेअर प्रणालीत नाही. अशा वेळी मोबाईल यूएसबी वायरीने जोडून ‘यूएसबी टिथरिंग’ चालू करावे. लिनक्सला ते बहुतेक वेळा लगेच ओळखते. त्या नेटवरून ड्रायव्हर उतरवून घ्यावा. डेबियनच्या जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून असले बरेच फर्मवेअर सोबतच मिळते, म्हणून नवी आवृत्ती टाकलेली बरी.

तिसरी पायरी: संगणकाला पत्ता मिळाला का. त्याच काळ्या खिडकीत ‘इनेट’ शब्दापुढे आकडे दिसतात. १२७.०.०.१ हा आकडा नेहमीच असतो. तो संगणकाचा स्वतःसाठीचा, तो सोडून द्यावा. दुसरा १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा आकडा दिसला पाहिजे. तसा आकडाच नसेल, तर डबीने पत्ता दिलेला नाही. मग सेटिंगमध्ये ‘नेटवर्क’, तिथे चाकाचे चिन्ह, त्यात ‘आयपीव्ही४’ हे पान उघडावे. ‘ऑटोमॅटिक (डीएचसीपी)’ निवडलेले आहे का बघावे. ‘मॅन्युअल’ असेल तर तिथले आकडे आधी कागदावर उतरवून घ्यावेत आणि मगच ऑटोमॅटिक करावे. बदल जतन करून जोडणी एकदा बंद-चालू करावी. हे विसरले तर जुनीच सेटिंग चालू राहते आणि माणूस म्हणतो, बदलले तरी फरक नाही. एकाच खोलीत दोन यंत्रांना हाताने सारखाच आकडा दिला असेल, तरी नेट येते-जाते करते. एका सात-बारावर दोन मालक लागल्यासारखे होते ते.

चौथी पायरी: डबीपर्यंत हाक पोचते का. ‘आयपी’, जागा, ‘रूट’ लिहिले की ‘डिफॉल्ट व्हाया’ या शब्दांपुढे डबीचा पत्ता दिसतो. आता ‘पिंग’, जागा आणि तो पत्ता लिहावा. उत्तरे एकाखाली एक येऊ लागली तर डबीपर्यंतचा रस्ता ठीक आहे. विंडोजवर चार उत्तरे येऊन थांबतात, लिनक्सवर ती येतच राहतात. कंट्रोल आणि सी ही बटने एकत्र दाबून थांबवावे. पुष्कळ जणांना ‘यंत्र अडकले’ असे वाटते ते इथेच.

पाचवी पायरी: गावाबाहेर हाक पोचते का. ‘पिंग’, जागा, ८.८.८.८ (आकडे अर्थातच इंग्रजी). हा गुगलचा एक जाहीर पत्ता आहे. चौथ्या पायरीवर उत्तर आले आणि इथे आले नाही, तर बहुतेक वेळा दोष डबीच्या पलीकडे, नेटवाल्याकडे असतो. डबी एकदा बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करावी. तरीही नाही, तर तक्रार.

सहावी पायरी: नावाचा पत्ता. ८.८.८.८ उत्तर देते, पण कुठलेच संकेतस्थळ उघडत नाही, असे झाले तर दोष ‘डीएनएस’चा असण्याची शक्यता मोठी. आपण नाव टाइप करतो, पण संगणकाला लागतो आकडा. नावावरून आकडा सांगणारी जी यंत्रणा, ती डीएनएस. गावात नवीन आलेल्या पोस्टमनला नुसते आडनाव सांगून काय उपयोग? घर दाखवणारा माणूस लागतो. तो माणूस गैरहजर असला की रस्ता चांगला असूनही पत्र पोचत नाही. त्याच आयपीव्ही४ च्या पानावर डीएनएसपुढचे ‘ऑटोमॅटिक’ बंद करून ८.८.८.८ आणि १.१.१.१ असे दोन आकडे स्वल्पविराम देऊन लिहावेत. जोडणी बंद-चालू करावी.

सातवी पायरी: तारीख. ही सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत दुर्लक्षित. जुन्या संगणकात मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. तो संपला की लाइट गेल्यावर संगणक तारीख विसरतो. कधी २०१२ दाखवतो, कधी आणखी मागची. सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राची मुदत तारखेवर तपासतात. तारीख चुकली की ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा देऊन दार लावून घेतात. केंद्रचालकाला वाटते सरकारी साइट बिघडली. आपल्याकडे लोडशेडिंग आहे, त्यामुळे हा प्रकार फार. सेल थोड्या पैशांत मिळतो, घड्याळाच्या दुकानातही.

शेतकऱ्याच्या मोबाईलसाठी दोन शब्द

अँड्रॉइड फोनवरही हेच तत्त्व. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ ठेवावी. व्हॉट्सॲपसह काहीच चालेना आणि रेंज मात्र भरपूर, असे असेल तर नेटवर्क सेटिंगमधील ‘प्रायव्हेट डीएनएस’ बघावे. जाहिराती बंद करण्यासाठी कुणी तिथे एखादे नाव भरून ठेवले असेल आणि ती सेवा बंद पडली असेल, तर सगळे नेट अडते. ते ‘ऑटोमॅटिक’ करावे. बालाघाटाच्या दरीत उतरले की रेंज जाते, त्याला सेटिंगचा इलाज नाही. ई-पीक पाहणीत शेतात फोटो घेऊन ठेवता येतो आणि रेंजमध्ये आल्यावर तो पाठवता येतो. फक्त पाठवायला विसरू नये. फोटो काढला म्हणजे नोंद झाली असे समजून स्वस्थ बसलेले लोक कमी नाहीत.

सर्वर खरेच बंद असेल तर

सातही पायऱ्या बरोबर निघाल्या, बाकी साइट उघडतात आणि एक सरकारी साइट तेवढी उघडत नाही, तर मग दोष तिकडचा. तेव्हा ‘सर्वर डाऊन’ बिनधास्त म्हणावे. मात्र एक लक्षात ठेवा. काही संकेतस्थळे सुरक्षेसाठी पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत. म्हणून नुसत्या पिंगवरून त्यांना बंद ठरवू नये, ब्राउझरमध्ये उघडून बघावे. आणि खरेच बंद असेल तर पडद्याचा तारीख-वेळेसह फोटो काढून ठेवावा. मुदत संपल्यावर शेतकऱ्याच्या बाजूने तालुक्याला लिहिताना ‘नेट नव्हते’ या तोंडी सबबीपेक्षा असा कागद कामाला येतो.

करायचे काय?

ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याच्या योजनेला केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. तिचेच पुढे भारतनेट झाले. एवढा पैसा ओतून तार गावापर्यंत आणली. त्या तारेच्या शेवटच्या दहा फुटांची जबाबदारी मात्र कुणाचीच नाही. डबी कंपनीची, संगणक ग्रामपंचायतीचा, केंद्रचालक ठेकेदाराचा आणि पासवर्ड कुणाच्या तरी डोक्यात. केंद्रचालक बदलला की पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. ही स्थिती बदलायची असेल तर फार पैसा लागणार नाही. माझ्या चार सूचना आहेत.

पहिली: ग्रामपंचायतीचे नमुने १ ते ३३ आपण ठेवतो. त्यांच्या जोडीला एक साधी वही ठेवावी. तिच्यात नेट कंपनीचे नाव, ग्राहक क्रमांक, तक्रारीचा फोन, डबीचा पत्ता, संगणकाची सेटिंग आणि प्रत्येक बिघाडाची तारीख व दुरुस्ती लिहावी. पासवर्ड मात्र वहीत न लिहिता बंद पाकिटात ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या कपाटात असावेत. केंद्रचालक बदलला की पासवर्डही बदलावेत.

दुसरी: कुठलाही जुना संगणक निर्लेखित करण्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघावी. काही न बसवता, आतली माहिती न पुसता ती अशी चालवता येते. नेट, प्रिंटर, मराठी टायपिंग चालते का तपासावे. चालले तरच बसवावी, आणि बसवण्यापूर्वी जुन्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात.

तिसरी: सगळीकडे लिनक्सचा आग्रह धरू नये. डिजिटल सहीचे टोकन, अंगठ्याचे यंत्र आणि काही सरकारी सॉफ्टवेअर विंडोजवरच नीट चालतात. अशा कामाचा एक संगणक विंडोजचाच ठेवावा. बाकी दाखले, पत्रव्यवहार, हवामान, बाजारभाव, अर्जांची छाननी, शाळेतली शिकवणी यांना लिनक्स पुरते. बैल आहे म्हणून ट्रॅक्टर नको आणि ट्रॅक्टर आहे म्हणून बैल नको, असे आपण कुठे म्हणतो?

चौथी आणि महत्त्वाची: प्रत्येक गावात दोन माणसे तयार करावीत. एक केंद्रचालक आणि दुसरा गावात कायम राहणारा कुणीही: शिक्षक, बचत गटाची ताई, बारावी झालेला मुलगा. आपल्या अंबाजोगाईत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात श्रमदानाबरोबर एक दिवस हे काम हाती घेतले, तर एका हंगामात तालुक्यातली बरीच गावे शिकून होतील. पंचायत समितीच्या मासिक बैठकीत यासाठी एक तास काढणे अवघड नाही.

काही अधिकारी म्हणतील, आमच्यावर आधीच कामाचा बोजा आहे. खरे आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एकाहून जास्त गावे, ग्राम महसूल अधिकाऱ्यांना सज्जे, आम्हाला शिवार. पण नेट बंद असल्याने लोकांची जी रोजची येरझार होते, ती शेवटी आपल्याच टेबलासमोर येऊन उभी राहते. दहा मिनिटांची तपासणी वाचवून आपण महिनाभराच्या तक्रारी ओढवून घेतो.

आणि शेतकरी बंधूंनो, तुमच्यासाठीही एक गोष्ट. ‘उद्या या’ असे कुणी म्हटले तर भांडू नका, पण निमूट परतही जाऊ नका. विचारा, “भाऊ, डबीवर लाल दिवा आहे का? संगणकाला पत्ता मिळाला का? तारीख बरोबर हाय का?” तीन प्रश्नांतच समोरच्याला कळेल की मामांना यातले समजते. रब्बीचे अर्ज भरायच्या आधी आपापल्या गावच्या संगणकाची एकदा ही तपासणी करून घ्या. ऐन मुदतीच्या दिवशी डबी उघडून बसण्यात अर्थ नाही.